जुळं आहे? आधी वार किती ते विचारा

सोनोग्राफीत जुळं दिसलं की लगेच डॉक्टरांना विचारा, वार (प्लॅसेंटा, पोटात बाळाला पोषण पुरवणारा अवयव) एक की दोन? 11 ते 14 आठवड्यांत हे स्पष्ट कळतं, पुढे ओळखणं अवघड. म्हणून रिपोर्टवर लिहूनच घ्या. वार एकच असेल तर एका बाळाकडे रक्त जास्त, दुसऱ्याकडे कमी जाऊ शकतं. त्यासाठी 16व्या आठवड्यापासून दर 2 आठवड्यांनी सोनोग्राफी हवीच, बरं वाटत असलं तरी. दोन वारा असतील तर साधारण दर 4 आठवड्यांनी.

लोहाची गोळी चहा किंवा कॅल्शियमसोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळच्या पोह्यांवर इंदुरी शेव कमी, मोड आलेले मूग आणि लिंबू भरपूर. लिंबाने लोह अंगी लागतं. इंदूरमध्ये नाव नोंदवताना तिथेच नवजात अतिदक्षता विभाग आहे ना, ते पाहा. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांआधीच जन्मतात.