पॉवर ११०, तरी डॅमेज फुसका? पोकेमॉन खेळताना या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत मालवण-देवगडकडच्या कुठल्याही पडवीत पोरं मोबाइल आणि स्विच (निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र) घेऊन पोकेमॉन खेळत बसलेली दिसतात. त्यांच्यात एक तक्रार ठरलेली असते: "एकशे धाची पॉवर आसा, तरी मरणा कित्याक नाय?"

मरत नाही, कारण मूव्हच्या, म्हणजे पोकेमॉनच्या वाराच्या, नावापुढे लिहिलेला पॉवरचा आकडा म्हणजे डॅमेज नव्हे. रापणीचं जाळं कितीही लांब असलं तरी ओढायला हात किती आहेत हे बघावंच लागतं. इथे ते हात म्हणजे पोकेमॉनचे स्वतःचे स्टॅट्स, म्हणजे ताकदीचे आकडे.

हिशेब असा चालतो. लेव्हलची दुप्पट करून पाचाने भागायची आणि त्यात दोन मिळवायचे. आलेल्या आकड्याला मूव्हच्या पॉवरने गुणायचं, मग वार करणाऱ्याच्या अ‍ॅटॅकने गुणून समोरच्याच्या डिफेन्सने भागायचं. त्याला पन्नासाने भागून पुन्हा दोन मिळवायचे. टाइप (वॉटर, फायर अशी जात), हवामान, क्रिटिकल हिट (नशिबाने बसणारा जादा जोराचा वार) यांचे गुणक त्यावर लागतात. शिवाय ८५ ते १०० टक्क्यांमधला एक नशिबाचा आकडा असतोच, म्हणून तोच वार दर वेळी थोडा कमी-जास्त बसतो.

चुकीच्या अंगाने वार

सगळ्यात जास्त मार खातात ते इथे. मूव्ह फिजिकल असेल तर अ‍ॅटॅक आणि डिफेन्स मोजले जातात, स्पेशल असेल तर स्पेशल अ‍ॅटॅक आणि स्पेशल डिफेन्स. गॅराडोस या वॉटर टाइपच्या पोकेमॉनचंच घ्या. त्याचा बेस (म्हणजे जन्मजात, लेव्हलचा हिशेब लागण्याआधीचा) अ‍ॅटॅक १२५ आणि स्पेशल अ‍ॅटॅक फक्त ६०. तरीही "पॉवर ११०" वाचून लोक त्याला हायड्रो पंप शिकवतात.

लेव्हल ५० ला त्याचा अ‍ॅटॅक १४५ आणि स्पेशल अ‍ॅटॅक ८० धरू, समोरच्याचे दोन्ही डिफेन्स १००. आता ८० पॉवरचा वॉटरफॉल, जो फिजिकल आहे, स्वतःच्या टाइपच्या मूव्हला मिळणारी दीडपट धरून ६७ ते ७९ डॅमेज करतो. ११० पॉवरचा हायड्रो पंप ५१ ते ६०. वर हायड्रो पंपचा नेम ८० टक्केच, म्हणजे पाचातला एक वार पाण्यात. मूव्हच्या माहितीत फिजिकल-स्पेशलचं चिन्ह असतं, ते पॉवरच्या आधी बघा. अलाकझामच्या बाबतीत गणित उलटं: बेस स्पेशल अ‍ॅटॅक १३५, अ‍ॅटॅक ५०. त्याला बुक्के मारायला लावू नका.

गाइड नव्या गेमचं, गेम जुना

आपल्याकडे फायररेड आणि एमरल्ड हे जुने पोकेमॉन गेम अजून जोरात खेळले जातात, आणि मोठा घोळ इथेच होतो. फिजिकल की स्पेशल हे मूव्हनुसार ठरायला लागलं ते २००६ च्या डायमंड आणि पर्लपासून. त्याआधी ते टाइपवर ठरायचं. वॉटर, फायर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क टाइपच्या सगळ्या मूव्ह्ज स्पेशल, बाकीच्या फिजिकल. त्यामुळे एमरल्डमध्ये गॅराडोसचा वॉटरफॉलसुद्धा त्या दुबळ्या ६० वरच चालतो. गेन्गारचा शॅडो बॉल घोस्ट टाइपचा, म्हणून तिथे फिजिकल असतो, आणि गेन्गारचा बेस अ‍ॅटॅक ६५! आकडेही बदललेत: सर्फ, थंडरबोल्ट, फ्लेमथ्रोअर तेव्हा ९५ चे होते, २०१३ च्या एक्स आणि वायपासून ९० चे झाले. गाइड उघडलंत की आधी ते कुठल्या गेमचं आहे ते बघा.

नेम आणि वाया गेलेली टर्न

पॉवरला नेमाच्या टक्क्यांनी गुणून बघायची सवय लावा. हायड्रो पंप ११० चा, नेम ८०, म्हणजे सरासरी ८८. सर्फ ९० चा आणि नेम १००. फायर ब्लास्ट मात्र ११० चा, नेम ८५, सरासरी ९३.५, म्हणजे फ्लेमथ्रोअरच्या ९० पेक्षा किंचित वर. माझं मत विचाराल तर तरीही फ्लेमथ्रोअरच. साडेतीन पॉवरसाठी ऐन मोक्याला वार चुकवून घ्यायची माझी तयारी नाही. हायपर बीम १५० चा, पण पुढची टर्न गप्प बसावं लागतं. दोन टर्नमध्ये विभागलं तर ७५. शेवटच्या पोकेमॉनला आडवं करायचं असेल तेव्हाच तो काढावा.

दीडपटीचा विसर, आणि तिचाच माज

पोकेमॉनने स्वतःच्या टाइपची मूव्ह वापरली की डॅमेज दीडपट होतो. ६० ची मूव्ह ९० सारखी लागते. हे कळल्यावर काही जण चारही मूव्ह्ज एकाच टाइपच्या ठेवतात, आणि ती टाइप समोर निम्मी लागली की अडकतात. ९० ची स्वतःची मूव्ह निम्म्या असरावर ६७.५ वर येते. परक्या टाइपची ९० ची मूव्ह सुपर इफेक्टिव्ह, म्हणजे समोरच्या टाइपवर दुप्पट, बसली तर १८०.

अचानक जोर गेला?

आधी आपला पोकेमॉन बर्न झालाय का, म्हणजे भाजलाय का, ते तपासा, त्याने फिजिकल वार निम्मे होतात. समोर रिफ्लेक्ट (फिजिकल वाराचा जोर कमी करणारा आडोसा) किंवा लाइट स्क्रीन (स्पेशल वारासाठी तसाच) आहे का? डबल बॅटलमध्ये, म्हणजे दोन विरुद्ध दोन लढतीत, दोघांवर एकदम मारलेली मूव्ह तीन चतुर्थांश जोराने लागते. आणि पॉवरच्या जागी आकडा नसून रेघ असेल तर मूव्ह निकामी समजू नका. सिस्मिक टॉस लेव्हलइतका डॅमेज करतो, लो किक समोरच्याच्या वजनावर २० पासून १२० पर्यंत जातो. ४६० किलोच्या स्नोरलॅक्सवर मारून बघा.

पावसाचे दोन हिशेब

मुख्य गेम्समध्ये पाऊस असला की वॉटरचा डॅमेज दीडपट, फायरचा निम्मा. एरवी ७० टक्के नेमाचा थंडर तेव्हा चुकत नाही, सोलर बीमची पॉवर मात्र निम्मी होते. मोबाइलवरच्या पोकेमॉन गोमध्ये हवामान बाहेरच्या खऱ्या हवामानावरून येतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग टाइपची चैन असते. पण तिथे वाढ १.२ पटच. गोमध्ये स्वतःच्या टाइपचा फायदाही १.२ पट आणि सुपर इफेक्टिव्ह १.६ पट, दुप्पट नाही. नावं तीच असली तरी एका गेमचे आकडे दुसऱ्यात लावू नका. आणि गोमधल्या रेडमध्ये (सगळ्यांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी करायच्या लढाईत) कामी आलेला पाऊस ट्रेनर बॅटलमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत, धरूच नका, तिथे हवामानाचा फायदा मिळत नाही.