देवराईत पक्षी आणि वटवाघळं कुठं असतात आणि का असतात, हे बघायचं कसं

कोकणातल्या देवराईत गेलं की आपण सगळे लगेच पक्ष्यांची यादी करायला लागतो, मीपण कित्येक वर्षं तेच केलं. पण एका राईत मोठ्या चोचीचे धनेश पक्षी, घुबडं, वटवाघळं सगळं आहे आणि पलीकडच्या राईत नुसते बुलबुल, असं का ते यादीतून कळत नाही. त्यासाठी आधी झाडं बघा, आणि नावं नंतर, आधी त्यांची ठेवण.

दुपारी चारच्या सुमारास पोचा, एका जागी उभं राहून खालून वर नजर न्या. पाचोळा, झुडपं, मधली झाडं, गारंबीसारख्या वेली, मग शेंडे. रॉबर्ट मॅकआर्थर या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1961 साली तिकडच्या जंगलांबद्दल दाखवलं होतं, की झाडांच्या जाती किती यापेक्षा पालवीचे थर कसे आहेत यावर पक्ष्यांचं वैविध्य जास्त ठरतं. आपल्याकडे बघा ना, नवरंग पाचोळा उलटापालटा करत फिरतो, नाचण मधल्या फांद्यांत आणि निखार पार वर. सुशोभीकरणाच्या नावाखाली झुडपं तोडून फरश्या घातल्या की खालचे भाडेकरू गेलेच, याचं मला फार वाईट वाटतं.

वटवाघळांचं बरंचसं पंखांवर ठरतं. लांब अरुंद पंखांची मोकळ्या हवेत सुसाट उडतात, आखूड रुंद पंखांची फांद्यांच्या गर्दीतनं वळत जातात, म्हणून दाट झाडी आणि जवळ ओढ्याची मोकळी वाट असं दोन्ही असेल तर दोन्ही प्रकारची मिळायची शक्यता जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ढोल्या. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बेहडा किंवा सातवीण शोधा आणि फांदी मोडून पडलेल्या जागी दुर्बीण लावा. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, आयती लागते, आणि तेवढी मोठी ढोली फक्त म्हाताऱ्या झाडात. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी उभी फट ठेवते, नर त्यातनं फळं भरवतो. फेब्रुवारी ते मे या दिवसांत खोडाखाली बियांचा आणि विष्ठेचा सडा दिसला तर वर बघा, पण लगेच मागे सरका, तुम्ही जवळ असाल तर नर खाऊ घेऊन ढोलीवर यायचाच नाही. ढोलीत काही जातींची वटवाघळंपण दिवसभर लटकतात, म्हणून ‘पोकळ झालंय, पडेल, तोडा’ असं कोणी म्हणालं तर आधी एक संध्याकाळ, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून, तिथं गप्प बसून बाहेर काय निघतं ते बघायला सांगा. टॉर्च लावू नका.

मग उंबर-वडाखाली जा. उंबर-वडाची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे बाकी रानात काही नसतं तेव्हाही कुठंतरी एखादं लगडलेलं असतं. खाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या की रात्री फळं खाणारी वटवाघळं येऊन गेली असं समजा. भेरली माड असेल तर त्याचे लोंबते घोस खालून बघा, आखूड नाकाची छोटी वटवाघळं आतले देठ चावून तंबूसारखी जागा करतात आणि त्यात राहतात. हात कशालाच लावायचा नाही, उष्टी फळं खायची नाहीत, गुहेत शिरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, आदल्या दिवशी थर बघितले त्याच जागी दहा मिनिटं बसून दिसलेलं, ऐकलेलं लिहा, कुठल्या थरात ते पण लिहा. मग बाहेरच्या काजूच्या बागेत तेवढीच दहा मिनिटं. तिथं थर एकच आणि ढोल्या जवळपास नाहीतच, त्यामुळे दोन पानं शेजारी ठेवली की फरक कळतो. राईला लागून अजून रान आहे की चारी बाजूंनी बागच, तेही नोंदवा, कारण धनेशाला एकटी छोटी राई पुरत नाही. आणि मेअखेरीस पुन्हा या, तेव्हा नवरंग शीळ घालत असतो.