टँकरच्या गावात विद्यार्थ्यांकडून डासअळ्यांचं सर्वेक्षण कसं करून घ्यावं

परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात मी कॉलेजच्या बारा-पंधरा मुलामुलींना घेऊन मराठवाड्यातल्या एखाद्या टँकरच्या गावात दहा दिवस राहते. काम एकच, घरोघरी साठवलेल्या पाण्यात एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या शोधणं. हा डास पावसाची वाट बघत बसत नाही. टंचाईत रांजण, टिपाडं, हौद भरून ठेवलेले असतात, त्याला तेवढं पुरतं.

पहिल्या दिवशी वही उघडूच नका. मुलांना टँकरपाशी न्या, हंडे उचलू द्या. मला हे फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकाने रांजणात अळ्या बघून एका आजींना सांगितलं, "हे पाणी ओतून टाका." पुढचा टँकर आठ दिवसांनी यायचा होता. आजी काही बोलल्या नाहीत, झाकण ठेवून आत गेल्या. त्या गल्लीत नंतर एकही दार आमच्यासाठी उघडलं नाही. चूक माझी होती, मी मुलांची तयारीच करून घेतली नव्हती.

तेव्हापासून आम्ही पाणी फेकायला सांगत नाही. दुहेरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं, अळ्या कापडावर राहतात, त्या कोरड्या मातीत झटकायच्या. मग रिकामा रांजण आतून घासायचा. घासणं टाळलं तर सगळी मेहनत वाया, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेला भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायचा दिवस, टँकरच्या दिवशीच सकाळी पाळा, तेव्हा रांजण तसाही तळाला गेलेला असतो. भरला की फडकं घट्ट बांधायचं. उपसता न येणाऱ्या हौदासाठी आरोग्य उपकेंद्रातून अळ्या खाणारे गप्पी मासे मागून घ्या.

वेळ सकाळी साडेसहा ते दहा, त्यानंतर ऊन सोसत नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, सोबत आशाताई हव्यातच. पिण्याच्या पाण्यात मुलांनी हात घालायचा नाही. "मावशी, झाकण काढता का?" असं विचारायचं. बॅटरीचा उजेड पडला की अळ्या तळाशी पळतात, मिनिटभर थांबलं की श्वासासाठी वर येतात. एडिसची अळी पाण्याखाली तिरकी लटकते, मलेरियाच्या डासाची पृष्ठभागाला समांतर पडून असते. कूलरची टाकी आणि फ्रिजमागचा ट्रे मुलं हमखास विसरतात.

दुपारी सावलीत हिशेब. 60 घरं पाहिली आणि 9 घरांत अळ्या सापडल्या, तर गृह निर्देशांक, म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली घरं, 15. हा आकडा त्याच संध्याकाळी आशाताईंना द्या, आणि आठव्या दिवशी त्याच घरांत पुन्हा जा.

त्या आजींकडे पुढच्या वर्षी मी स्वतः गेले, टँकरच्या सकाळी, काथ्या घेऊन. रांजण आम्ही दोघींनी घासला.