मुलाचं डोकं वारंवार दुखतं? या चुका टाळा

नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या डोकेदुखीला सात महिने झाले होते. दोनदा डोळे तपासून झाले होते, सायनसच्या गोळ्या झाल्या होत्या, ‘तिला शाळा चुकवायची असते’ असंही कुणीतरी म्हणून झालं होतं. आई म्हणाली, ‘सगळं करून बघितलं.’ मी मुलीशीच बोलले. रात्री किती वाजता झोपतेस? साडेअकरा. उठतेस? सहाला. शाळेत जाण्याआधी काय खातेस? काही नाही. मग तिला डावीकडे बघायला सांगितलं, तर मानेबरोबर खांदाही वळला. मान एकटी वळतच नव्हती.

तिच्या दुखण्याची बरीचशी गोष्ट एवढ्यातच आली होती. मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हे मी पुन्हा पुन्हा बघते. डोकं दुखलं की सगळं घर धावतं आणि थांबलं की सगळे विसरून जातात. वारंवार होणाऱ्या डोकेदुखीवरचा मोठा उपचार मात्र डोकं न दुखणाऱ्या दिवसांत करायचा असतो. पुढच्या बहुतेक चुका त्या दिवसांकडे लक्ष न दिल्यामुळे होतात.

तपासणीआधीच व्यायाम सुरू करणं

ही चूक मात्र वेगळी आणि सगळ्यात महागात पडणारी. डोकेदुखी क्षणात टोकाला पोचली, तापाबरोबर मान ताठ झाली, फिट आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती कमी वाटली, मूल गुंगीत जाऊ लागलं किंवा डोक्याला मार लागल्यावर उलट्या सुरू झाल्या, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. दुखणं मुलाला झोपेतून उठवत असेल, पहाटे उलटी होत असेल, खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर दुखणं वाढत असेल, आठवड्यागणिक त्याचा जोर वाढत असेल किंवा मूल पाच वर्षांहून लहान असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. यातलं काही असताना मानेचे व्यायाम करत बसणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं.

डोक्याला मार लागलेल्या मुलांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. डॉक्टरांनी गंभीर काही नाही असं सांगितल्यावर २४ ते ४८ तास हलकी विश्रांती पुरते. त्यानंतर हळूहळू रोजच्या हालचाली सुरू करायच्या असतात. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं तर बरं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. खेळ मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

‘चष्मा लागला असेल’, ‘सायनस असेल’

डोळे एकदा तपासून घ्याच. पण नंबर नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा तपासत राहण्यात अर्थ नाही. सायनसचंही तसंच. कपाळातले सायनस, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळ्या, मुळात सहा ते आठ वर्षांच्या सुमारास कुठे आकार घेऊ लागतात. शिवाय मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि मग मायग्रेनवर महिनोन् महिने सायनसचे उपचार होत राहतात.

मराठीत मायग्रेनला आपण अर्धशिशी म्हणतो आणि त्या नावानेच फसगत होते. मुलांमध्ये हे दुखणं बऱ्याचदा अर्ध्या डोक्यात नसतंच. ते कपाळभर, दोन्ही बाजूंना असतं. मोठ्यांमध्ये झटका निदान चार तास टिकतो, मुलांमध्ये तो दोन तासांतही संपू शकतो. चेहरा पांढराफटक पडतो, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, आणि झोप लागली की मूल उठून खेळायला लागतं. ‘आत्ता तर रडत होता, लगेच बरा कसा झाला? नाटकच ते!’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. झोपेनंतर असं टवटवीत होणं हे मुलांच्या मायग्रेनचं नेहमीचं लक्षण आहे. मुलावर विश्वास ठेवा.

ताणाची डोकेदुखी वेगळी असते. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, ठणका कमी असतो, उलटी नसते. दोन्ही प्रकार एकाच मुलात असू शकतात.

गोळी उशिरा देणं, आणि वारंवार देणं

‘बघू, जरा वाट बघू’ म्हणत दोन तास घालवले की मायग्रेनमध्ये गोळीचा उपयोग कमी होतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध दुखणं सुरू होताच, मुलाच्या वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत द्यावं. पण महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. काही औषधांसाठी ही मर्यादा १० दिवसांचीच आहे. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त गोळी लागत असेल, तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. आणि ॲस्पिरिन मुलांना स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. विषाणूजन्य तापात त्यातून रेज सिंड्रोम हा यकृताला आणि मेंदूला इजा करणारा गंभीर आजार होऊ शकतो.

मानेच्या व्यायामातल्या चुका

मान आखडली तर कपाळ का दुखावं, असं पालक विचारतात. मानेतून निघणाऱ्या पहिल्या तीन मज्जातंतूंचे संदेश आणि चेहऱ्या-कपाळाकडून येणारे संदेश मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे दुखण्याचं मूळ कवटीच्या तळाशी असलेल्या छोट्या स्नायूंत असलं तरी मुलाचा हात डोळ्याच्या वर जातो. अर्थात मायग्रेनमध्येही मान दुखते, म्हणून मान दुखली की दोष मानेचाच, असं धरून चालू नये. मान किती वळते, कुठे अडते, कुठे दाबल्यावर नेहमीची डोकेदुखी जागी होते, हे फिजिओथेरपिस्ट हाताने तपासतात आणि मग ठरवतात. मुलांवरचं या विषयातलं संशोधन अजून थोडं आहे, पण ज्या मुलांची मान खरोखर जखडलेली असते त्यांना नेमक्या व्यायामाने आराम पडतो, हे मी रोज बघते.

पहिली चूक म्हणजे झटका चालू असताना व्यायाम करवून घेणं. मायग्रेनमध्ये हालचालीने दुखणं वाढतं. त्या वेळी अंधारी, शांत खोली, थोडं पाणी, कपड्यात गुंडाळलेली थंड पिशवी कपाळावर किंवा मानेमागे दहा-पंधरा मिनिटं, आणि झोप. व्यायाम दुसऱ्या दिवशी.

दुसरी चूक मान कडकन मोडण्याची. मोठ्यांचं बघून मुलंही करतात, काही ठिकाणी झटका देऊन मोडूनही दिली जाते. मुलांच्या मानेवर असे झटके नकोत. मान जोरात गोलगोल फिरवणंही नको.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, ती म्हणजे दिवसभर ‘ताठ बस!’ म्हणत राहणं. मूल दोन मिनिटं छाती पुढे काढून कडक बसतं, मानेचे स्नायू आणखी आवळतात, मग पुन्हा पोक काढतं. ‘६० अंश मान वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो’ हा आकडा तुम्हीही वाचला असेल. तो २०१४ मध्ये मोठ्या माणसाच्या मानेचं संगणकीय मॉडेल वापरून काढलेला आहे, मुलांवर मोजलेला नाही. तो सांगून मुलाला घाबरवू नका. बसण्याची एकच आदर्श पद्धत नसते, एकाच स्थितीत फार वेळ राहणं हा त्रास असतो. दर २०-३० मिनिटांनी उठवा. खुर्ची उंच असेल तर पायांखाली पाट किंवा खोका द्या, पुस्तक तिरकं उभं ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा. एवढं केलं की निम्मं ‘ताठ बस’ आपोआप थांबतं.

चौथी चूक म्हणजे नुसते ताण देणं आणि ताकद वाढवण्याकडे दुर्लक्ष करणं. ताण दिल्यावर बरं वाटतं, पण काही तासांत स्नायू पुन्हा आवळतात, कारण मानेला आतून धरून ठेवणारे खोल स्नायू दुबळेच राहिलेले असतात. त्यांच्यासाठी एक साधा व्यायाम आहे. मुलाला पाठीवर झोपवा, डोक्याखाली पातळ घडी ठेवा. डोकं न उचलता, अगदी हळू ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी गळ्याकडे आणायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. असं आठ-दहा वेळा. मूल दात आवळत असेल, श्वास रोखत असेल किंवा गळ्यासमोरच्या शिरा ताठ होत असतील, तर जोर जास्त लागतोय. निम्म्या जोराने करायला सांगा. हा व्यायाम दिसायला इतका किरकोळ आहे की मुलं आणि पालक दोघंही तो जोरात करून बिघडवतात.

त्याच्या जोडीला भिंतीला पाठ टेकवून खांद्यामागची पाती एकमेकांकडे हलकेच ओढायची, आणि टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी घेऊन, हात पसरून दोन मिनिटं पडायचं. कान खांद्याकडे नेण्याचा ताण १५-२० सेकंदांचा, हाताने न खेचता. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. आठवड्यातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा रोज एवढंच करा. व्यायामाने दुखणं वाढलं, चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबा आणि तपासून घ्या.

श्वासाचा व्यायामही शिकवा, पण शांत दिवशी. पोटावर एक हात, नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. लहान मुलांच्या पोटावर आवडतं खेळणं ठेवलं तर ते वर-खाली होताना बघायला त्यांना गंमत वाटते. दुखत असताना हे पहिल्यांदा शिकवायला गेलात तर मूल चिडेल.

सवयी : सगळं एका दिवसात बदलण्याची घाई

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. इथली नेहमीची चूक म्हणजे आठवडाभर झोप कमी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपणं. मायग्रेनच्या मेंदूला कमी झोप चालत नाही आणि वेळापत्रकातली मोठी उलथापालथही चालत नाही. सुट्टीतली उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे जाऊ देऊ नका. झोपायची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणायला गेलात तर फसेल. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा.

सकाळी रिकाम्या पोटी बाहेर पडणं आणि पाण्याची भरलेली बाटली तशीच परत येणं या दोन गोष्टी मी सगळ्यात आधी विचारते. शाळेत स्वच्छतागृहात जायला नको म्हणून कितीतरी मुलं पाणीच पीत नाहीत. रागवण्याआधी हे विचारा. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. थंड पेयांतलं आणि एनर्जी ड्रिंकमधलं कॅफीनही मोजा.

डोकं दुखतं म्हणून खेळ बंद करणं ही आणखी एक चूक. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सवय गेलेली असेल तर १०-१५ मिनिटांच्या चालण्या-सायकलिंगने सुरुवात करा. खेळायला जाण्याआधी पाणी आणि थोडं खाणं हवंच.

काही कारणं फार किरकोळ असतात म्हणून सुटतात. घट्ट बांधलेले केस, आवळलेला पोहण्याचा चष्मा, एका खांद्यावरचं दप्तर. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवा, दोन्ही पट्टे वापरा. च्युइंगम तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. एका लहानशा अभ्यासात रोज च्युइंगम चघळणाऱ्या आणि डोकेदुखी असलेल्या ३० मुलांना ते महिनाभर बंद करायला सांगितलं, तेव्हा २६ जणांना बराच फरक पडला.

रोज ‘दुखतंय का?’ विचारणं

काळजीपोटी विचारतो आपण, पण दर तासाला विचारलं की मुलाचं लक्षही डोक्यातच अडकून राहतं. त्याऐवजी डायरी ठेवा : तारीख, किती वाजता दुखायला लागलं, किती वेळ, आदल्या रात्रीची झोप, खाणं, गोळी दिली का. दिवसातून एकदा, दोन ओळी. सहा आठवड्यांची अशी डायरी मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते. थोडं दुखत असेल तर शाळेत पाठवा आणि शिक्षकांना सांगून पाणी प्यायची, अर्धा तास आडवं व्हायची सोय करून घ्या. घरी राहिलंच, तर तो दिवस पडद्यासमोर जाऊ नये.

सगळं करूनही फरक पडत नसेल तर

आधी डायरी उघडा. दुखणं थांबल्यावर व्यायाम बंद पडले होते का? बहुतेक घरांत तिसऱ्या आठवड्यात तेच होतं. बारा आठवड्यांचा हिशेब धरा. मूल रात्री दात खातं का, शाळेत कुणी त्रास देतं का, परीक्षेच्या आठवड्यातच दुखतं का, हेही बघा. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकांकडे जायला संकोच करू नका. दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं काही मुलांना लागतात आणि तो निर्णय डॉक्टरांचा. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीत मायग्रेनची दोन नेहमीची औषधं आणि औषधच नसलेली, नुसती बनावट गोळी यांच्यात काहीच फरक दिसला नाही. बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले होते. आपलं दुखणं कुणीतरी मनावर घेतलंय, नियमित विचारपूस होतेय, याचाही मुलाच्या शरीरावर केवढा परिणाम होतो, असं मला त्यात दिसतं.

त्या नऊ वर्षांच्या मुलीची झोप साडेनऊवर यायला सहा आठवडे लागले. मान त्याआधीच वळायला लागली होती. शेवटच्या भेटीला डायरी तिने स्वतः आणली. महिन्यात दोन दिवसांची नोंद होती, आणि त्यातल्या एका दिवसापुढे तिने लिहिलं होतं, ‘सकाळी खाल्लं नव्हतं.’