जर्मन नाइट घराण्यांवर लिहिताना या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपवर मराठीत लिहिणारी तरुण मंडळी वाढली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लेखांत त्याच त्या चुका दिसतात, आणि बहुतेक चुकांच्या मुळाशी घाई असते. उदाहरणं मी एल्त्स घराण्याची देतो. मोझेल नदीजवळच्या जंगलात, ओढ्यानं तीन बाजूंनी वेढलेल्या खडकावर त्यांचा किल्ला आजही शाबूत आहे आणि आजही त्याच घराण्याकडे आहे.

पहिली चूक म्हणजे थोरला मुलगा गादीवर बसला असं गृहीत धरून सरळसोट वंशावळ काढणं. एका मुलानं एल्त्स घराण्याची अशी वंशावळ मला पाठवली. इंटरनेटवरून उचललेली, रंगीत चौकटींची, दिसायला देखणी. तिच्यातले एक योहान मेल्यानंतरही जमिनीच्या कागदांवर मोहोर उठवत होते! झालं होतं असं, की तीन वेगळ्या शाखांतले योहान त्यानं बाप, मुलगा, नातू म्हणून एकाखाली एक लावले होते. 1268 च्या आधीच या घराण्यात तीन भावांनी वाटणी केली होती. पण किल्ला तोडून वाटला नाही, तो सामाईक राहिला. एकाच तटाच्या आत, एकाच अंगणाभोवती प्रत्येक शाखेनं आपापलं घर उंच चढवलं. ऱ्यूबेनाख शाखेचं घर 1472 मध्ये पुरं झालं. कोणी कुठं राहायचं, डागडुजीचा खर्च कोणी किती द्यायचा, आत भांडण झालं तर काय करायचं, हे सगळं करारानं ठरलेलं असे. वतनाच्या तक्षिमा आणि भाऊबंदकीचे कागद वाचलेल्या मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. पण आपली मुलं इंग्लंडच्या राजघराण्याचा साचा घेऊन जर्मनीत शिरतात.

माझी सवय सांगतो. नावाकडे मी शेवटी बघतो, आधी मोहोर. एल्त्सच्या तीन शाखांच्या खुणा अशा: केम्पेनिखवाल्यांचा सोनेरी सिंह, ऱ्यूबेनाखवाल्यांचा रुपेरी सिंह, रोडेनडॉर्फवाल्यांची रेड्याची शिंगं. मोहोरेच्या मेणात रंग दिसत नाही, त्यामुळे दोन सिंहांत गफलत होते. तिथं कागदात कोणती गावं आली आहेत ते पाहायचं. शाखा पक्की होईपर्यंत तो माणूस वंशावळीत घालायचा नाही, बाजूला लिहून ठेवायचा. याला वेळ लागतो. लागू द्या.

दुसरी चूक मला त्याहून जास्त छळते. 'हे घराणं दहाव्या शतकातल्या स्पर्धांमध्ये उतरलं होतं' हे वाक्य. स्पर्धा म्हणजे नाइटांचे घोड्यावरून लढायचे सामने, टूर्नामेंट. त्याचा उगम जवळजवळ नेहमी गेओर्ग र्‍युक्सनरच्या, 1530 मध्ये झिमर्न इथं छापलेल्या स्पर्धाग्रंथात सापडतो. त्यात 36 स्पर्धांची वर्णनं आहेत, भाग घेणाऱ्यांच्या लांबलचक याद्यांसकट. पहिली स्पर्धा 938 ची, माग्डेबुर्गची, राजा पहिल्या हाइनरिखनं भरवलेली म्हणे. तो राजा 936 मध्येच वारला होता. शिवाय दहाव्या शतकात अशा स्पर्धाही नव्हत्या आणि वंशपरंपरेनं चालणारी कुलचिन्हंही नव्हती. पण आपला पूर्वज त्या यादीत असावा ही सोळाव्या शतकातल्या घराण्यांची गरज होती, म्हणून त्यांनी ती यादी डोक्यावर घेतली. पुढच्या वंशावळकारांनी ती जशीच्या तशी उतरवली, आणि आज संकेतस्थळं उतरवतात. पाचशे वर्षं छापली गेली म्हणून खोटी नोंद खरी होत नाही. एल्त्स नावाची पहिली पक्की नोंद 1157 ची आहे: सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडॉल्फचं नाव. तिथून सुरुवात करा. आणि 1157 हे 'स्थापनावर्ष' म्हणूनही लिहू नका. साक्षीला उभा राहणारा माणूस त्या वर्षी जन्मलेला नसतो.

सन लिहितानाही चूक होते. मोझेलकाठच्या ट्रिअर प्रदेशात वर्ष 25 मार्चला बदलायचं. तिथल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या कागदावरचा सन आपल्या हिशेबानं एकानं वाढवावा लागतो. मी दोन्ही सन शेजारी शेजारी लिहितो.

'फॉन श्टाइन' हे आडनाव दिसलं की सगळे एकाच घराण्यातले मानू नका. 'श्टाइन' म्हणजे दगड, खडक. खडकाच्या नावावरून आडनाव घेतलेली, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली घराणी ढीगभर आहेत.

लढाई हरली म्हणजे घराणं संपलं, हेही चूक. 1331 ते 1336 या काळात ट्रिअरचा आर्चबिशप (तिथला मुख्य धर्मगुरू आणि राज्यकर्ताही) बाल्डुइन आणि एल्त्स, वाल्डेक, श्योनेक, एरेनबुर्ग या किल्ल्यांचे नाइट यांच्यात झुंज चालली. बाल्डुइननं एल्त्सच्या डोक्यावरच्या टेकाडावर त्रुत्सएल्त्स नावाचा वेढ्याचा किल्ला बांधला आणि तिथून दगडी गोळे फेकले. नाइट नमले, आर्चबिशपचे मांडलिक झाले. पण किल्ला त्यांच्याकडेच राहिला, आणि 1567 मध्ये त्याच घराण्यातला याकोब ट्रिअरच्या आर्चबिशपपदावर बसला.

शेवटची, लहान पण फार पसरलेली चूक: पदव्या मागं ढकलणं. केम्पेनिख शाखेला पवित्र रोमन साम्राज्याचं 'ग्राफ', म्हणजे काउंट, हे पद 1733 मध्ये मिळालं. तेराव्या शतकातल्या एल्त्सला 'काउंट' लिहिलेलं दिसलं, की तो लेख मी तिथंच परत पाठवतो.