सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर मार्केटला निघायच्या आधी: लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ४०५० की ४०६०?

आधी बजेट ठरवत बसू नका, आधी हे ठरवा की लॅपटॉपवर चालणार काय आहे. ॲडमिशनचे दिवस आले की इंदूरच्या मराठी घरांमधे हीच चर्चा सुरू होते, पोरगं एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला नाहीतर आणखी कुठे लागलं की त्याला "ग्राफिक्स कार्डवाला" लॅपटॉप पाहिजे असतो आणि मग एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०५० घ्यायचं की ४०६० यावर काका-मामा सगळे एक्स्पर्ट. कोडिंग, ऑफिस, ऑटोकॅडमधलं टूडी ड्रॉइंग एवढंच असेल तर खरं सांगतो, दोन्ही नको, ते पैसे रॅम आणि चांगल्या स्क्रीनमधे घाला. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), व्हिडिओ एडिटिंग, गेम, नाहीतर घरी एआय मॉडेल चालवून बघायची हौस असेल तर मात्र कागद पेन घ्या आणि दोन कॉलम पाडा.

कागदावर पहिल्यांदा कार्डाची स्वतःची मेमरी लिहा, कारण ती नंतर बदलता येत नाही, बोर्डावर सोल्डर केलेली असते. लॅपटॉपच्या ४०५० मधे ६ जीबी, ४०६० मधे ८ जीबी, दोन्ही जीडीडीआर६ प्रकारची. त्याखाली बस, म्हणजे मेमरी आणि चिपमधला रस्ता किती रुंद: ४०५० ची ९६ बिट, ४०६० ची १२८ बिट, म्हणजे बँडविड्थ, त्या रस्त्यावरून जाणारा डेटा, १९२ जीबी प्रति सेकंद विरुद्ध २५६. कूडा कोर, म्हणजे कार्डातले हिशेब करणारे छोटे घटक, २५६० आणि ३०७२. म्हणजे कोर २० टक्के जास्त पण बँडविड्थ आणि मेमरी दोन्ही ३३ टक्के जास्त, आणि माझ्या मते ४०६० चे जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते त्या २ जीबीसाठी द्यावेत, कोरसाठी नाही. ब्लेंडरचा सीन मेमरीत मावला नाही की सगळं रांगायला लागतं. ७-८ अब्ज पॅरामीटरचं एआय मॉडेल ४ बिटमधे (म्हणजे दाबून लहान केलेलं) साधारण ५ जीबी खातं, ते ६ मधे कसंबसं बसतं आणि गप्पा लांबल्या की बाहेर सांडतं, ८ मधे जरा श्वास घेता येतो.

कोरची तुलना फक्त एकाच पिढीत करा हेही लिहून ठेवा, कारण कुणीतरी जुन्या स्टॉकमधलं ३०६० दाखवून म्हणेल की याच्यात तर ३८४० कोर आहेत, जास्त आहेत ना? आहेत, पण ते २०२१ चं कार्ड, वेगळी रचना, कमी क्लॉक, एल२ कॅशे (चिपमधलीच छोटी जलद मेमरी) ३ एमबी, तर ४०६० ला ३२ एमबी. कोर कमी असूनही ४०६० पुढे जातं. आणि नावामागे "लॅपटॉप" हा शब्द आहे हे विसरून डेस्कटॉप कार्डाचे व्हिडिओ बघू नका, डेस्कटॉपचं ४०७० १२ जीबीचं आहे आणि लॅपटॉपचं ४०७० ८ जीबीचं, नाव तेच.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो: वॅट. एनव्हिडियाने दोन्ही कार्डांना ३५ ते ११५ वॅटची रेंज दिलीय, त्यातले किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, वरून डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून तात्पुरते कार्डाला दिलेले, २५ पर्यंत मिळू शकतात. म्हणून काही लॅपटॉपांवर १४० लिहिलेलं दिसतं. तर पातळ, सुंदर, हलका ४०६० वाला लॅपटॉप, ज्याला ४५ वॅटच मिळतात, तो शेजारच्या जाड्या १०० वॅटच्या ४०५० च्या मागे पडू शकतो, आणि दाम मात्र जास्त. दुकानदार सांगतो, "अरे भिया, ४०६० है तो ४०६० है, इसमें क्या देखना." देखना है! कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमधे टीजीपी किंवा मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर (कार्डाला मिळणारे वॅट) शोधा, घरूनच, आणि मॉडेलचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, एकाच सिरीजमधे वेगवेगळे निघतात. साइटवर नसेल तर दुकानात डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टम इन्फर्मेशन बघा, तिथे आकडा असतो. तेही उघडू देत नसतील तर ॲडॅप्टर हातात घेऊन त्याच्यावरचे वॅट वाचा: २०० च्या वरचा असेल तर कार्डाला खायला मिळतंय, १०० चा असेल तर प्रोसेसर आणि स्क्रीन त्यातच भागवायची असते, कार्डाच्या वाट्याला काय येणार. साधारण १०० च्या पुढे मात्र दोन्ही कार्डांना फार काही वाढून मिळत नाही, त्यामुळे १४० च्या स्टिकरसाठी भांडू नका.

दुकानदाराने ४०५० वाल्या लॅपटॉपवर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून "१४ जीबी ग्राफिक्स" दाखवला तर हसून सोडून द्या, त्यात ६ कार्डाचे आणि बाकीचे ८ तुमच्याच १६ जीबी रॅममधून उसने मोजलेले असतात. डेडिकेटेड जिथे लिहिलंय तोच आकडा खरा.

स्क्रीनचं रिझोल्यूशन पण त्याच कागदावर लिहा. १९२० बाय १०८० ला ४०५० मजेत चालतं, २५६० बाय १६०० म्हणजे जवळपास दुप्पट पिक्सेल, तिथे ६ जीबी लवकर भरते. एडिटिंग करणार असाल तर ४५ टक्के एनटीएससीवाला, म्हणजे फिक्या रंगांचा पॅनल बिलकुल नको, रंग पूर्ण दाखवणारा शंभर टक्के एसआरजीबी बघा. मक्स स्विच आहे का विचारा, असेल तर गेममधे पिक्चर प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून फिरून यायची गरज नाही. रॅम दोन स्टिकची बरी.

आणि उन्हाळा! दुकानातल्या एसीत सगळेच लॅपटॉप थंड असतात, आपल्याकडे मे मधे पारा ४० च्या वर आणि रूमवर पंखा, त्यामुळे काहीतरी जड पंधरा-वीस मिनिटं चालवून बघितल्याशिवाय पंख्याचा आवाज आणि खरा स्पीड कळत नाही, पहिल्या दोन मिनिटांवर जाऊ नका. चार्जर लावून बघा, बॅटरीवर कुठलंही कार्ड अर्धमेलंच असतं.

२०२५ मधे आलेलं लॅपटॉपचं ५०५० जवळच्याच किमतीत दिसलं तर त्याला तिसरा कॉलम द्या, कोर ४०५० इतकेच २५६० पण मेमरी ८ जीबी आणि तीही नव्या पिढीची जीडीडीआर७, त्याच्यासमोर महागडं ४०५० घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. वॅट त्याचेही बघायचेच.

पैसे देताना बिलावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर पूर्ण लिहून घ्या, नुसतं "गेमिंग लॅपटॉप" लिहिलेलं बिल चालणार नाही, आणि खालच्या स्टिकरशी जुळवून वॉरंटी तिथेच काउंटरवर उभं राहून कंपनीच्या साइटवर चेक करा, छप्पन दुकानला खायला जायची घाई नंतर.