सतरा जण घेऊन कुंभार्ली उतरण्याआधी

पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत, कुंभार्ली घाट उतरून सतरा सीटर ट्रॅव्हलर गणपतीपुळ्याला न्यायची असेल, तर तयारीला आदल्या दिवशी दुपारीच लागा. रात्री दहाला टायर गुळगुळीत दिसून उपयोग नाही, तेव्हा दुकानं बंद असतात.

टायर थंड असतानाच हवा मोजा आणि भरल्या गाडीसाठी कंपनीने दिलेला आकडाच धरा. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाकही बघा, ते हमखास राहून जातं. टायरवरच्या 4 आकड्यांतून त्याचं वय कळतं, 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. स्टेपनीत हवा आहे ना, जॅक आणि पाना गाडीतच आहेत ना, तेही बघून घ्या. परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी एका पिशवीत ठेवा.

आता वजन. माणशी साठ किलो धरले तरी 1020 किलो होतात, आणि प्रत्येकाची दहा किलोची बॅग धरली की आणखी 170. रिकाम्या गाडीच्या सवयीने ब्रेक दाबाल तर गाडी थांबायला बरंच जास्त अंतर घेईल. जड सामान टपावरच्या कॅरियरवर चढवू नका, वळणावर गाडी झुकते. ते खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात ठेवा. सीटांमधल्या वाटेत मात्र एकही बॅग नको. म्हाताऱ्या माणसांना मागच्या सीटवर बसवू नका, तिथे दणके फार बसतात. पट्टे सगळ्यांनी लावायचे, मागच्यांनीही.

ड्रायव्हरला आदल्या रात्री पुरती झोप मिळालीच पाहिजे, हे मी सगळ्यांत वर ठेवेन. कायद्याने सलग पाच तासांनंतर त्याला निदान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. आपण मात्र त्याला एक चहा पाजून पुढे काढतो. हे चुकीचं आहे.

घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. ब्रेकवर सतत पाय ठेवला की लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, तापतात आणि पकड जाते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पावसाळ्यात धुकं दाटलं तर हेडलाइट लोबीमवर ठेवा.

चिपळूणला पोचल्यावर थांबा. चाकांना हात न लावता, जवळ नेऊन धग बघा. चारांत एकच जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय, तेव्हा पुढे निघण्याआधी तिथेच गॅरेज गाठा.